बहिऱ्या पायांचा मिस्त्री

आधीच सांगते, हे मी बोलले आणि माझ्या लेकीने, संघरत्नाने, लिहून घेतलं. माझं हाय-न्हाय तिने मला न विचारता सुधारून टाकलं. मिस्त्रींचं मात्र मी तिला सुधारू दिलं नाही. मिस्त्री म्हणजे आमचे हे, राघो मिस्त्री. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, अख्खा मोहल्ला त्यांना मिस्त्री म्हणतो, म्हणून मीपण मिस्त्रीच म्हणते. नवऱ्याचं नाव उखाण्यात घेतलं तेवढं पुरे.

आमचं गाव खारबाव, पण लग्न झाल्यापासून राहतो ते भिवंडीत, लूमच्या कारखान्याला भिंत लावून. भिंतीपलीकडे चोवीस लूम, कापड विणायचे माग. सकाळी सातला शिफ्ट चालू झाली की आमच्या घरात भांडी चालायला लागतात. खोटं नाही सांगत, फळीवर मधोमध ठेवलेला पेला तासाभरात कडेला येतो. नवी नवरी म्हणून आले तेव्हा सासूबाईंनी पहिली शिकवण दिली ती हीच, "भांडी पट्टीच्या आत ठेव गो, नायतर पळून जातील." फळीला पुढून लाकडी पट्टी ठोकलेली असते आमच्यात. मी मनात म्हटलं, वनिता, चांगल्या घरात पडलीस! पण सवय काय, कशाचीही होते. आता लाईट जाऊन लूम बंद पडली की मलाच चुकल्यासारखं होतं. आणि आमच्यात हळू कोणी बोलत नाही. बाहेरच्या माणसाला वाटतं भांडण चाललंय. तसं कधीकधी भांडणही चाललेलं असतं, पण आवाज तोच.

तर दोन वर्षांपूर्वी, थंडी संपता संपता, मिहिर नावाचा एक इंजिनीअर मुलगा आमच्या गल्लीत आला. ठाण्याचा, चांगल्या घरातला, बूट पांढरे. आमच्या गल्लीत पांढरे बूट! तो कारखान्याच्या भिंतीला हात लावून उभा राहिला, वर बघितलं, खाली बघितलं, कोपरे बघितले. मग विचारलं, "ही भिंत कोणी बांधली?"

मिस्त्री दारात बसून चहा पीत होते. त्यांना वाटलं तक्रार आली. म्हणाले, "म्या न्हाय."

मी आतून ओरडले, "खोटं का बोलता? जुनी पाडून तुम्हीच बांधली! पंचवीस वर्षं झाली!"

मुलगा हसायला लागला. म्हणाला, "काका, पंचवीस वर्षं चोवीस लूम हिला हलवतायत आणि एक तडा नाही. मला असाच माणूस पाहिजे."

मग त्याने सांगितलं. पालघरकडे डोंगराच्या अंगाला जमीन अधूनमधून हादरते, हे आम्ही पेपरात वाचलं होतं. तिथल्या हेदपाडा नावाच्या वस्तीवर शाळेच्या भिंतीचा कोपरा अशाच एका धक्क्यात फाटला होता आणि कौलं खाली आली होती. नशीब, रविवार होता. एका संस्थेने शाळा नव्याने बांधायची ठरवली होती. नकाशा मिहिरचा, पण हात कोणाचे? भिंतीच्या पोटातून सळयांचा पट्टा कसा फिरवायचा, कोपऱ्यावर विटेला वीट कशी अडकवायची, हे ज्याच्या हातात मुरलंय असा गवंडी त्याला हवा होता. लूमच्या कारखान्याला हे सगळं करावंच लागतं, नाहीतर वर्षभरात भिंत मालकाच्या अंगावर.

मिस्त्री म्हणाले, "वनिता येल तर येतो. शिमिट-वाळूचा माल हिच्यासारखा कोन मिसळत न्हाय." चाळीस वर्षांत मला मिळालेली ही एवढीच शाबासकी, तीही परक्या मुलासमोर. गेले मग. काय करते?

हेदपाड्याला पोचलो तर शाळा झाडाखाली भरलेली. चौतीस पोरं आणि मृणाली बाई. बाईंचं वय आमच्या संघरत्नाएवढंच, पण आवाज असा की पोरं आणि बकऱ्या दोन्ही सरळ चालतात. फाटक्या शाळेत कोणी पाऊल टाकत नव्हतं हे बरोबरच होतं. पण शेजारी अंगणवाडीची चांगली खोली रिकामी होती, तिथेही पोरं बसायला तयार नव्हती. घरातसुद्धा झोपत नव्हती, अंगणात झोपायची. डोक्यावर छप्पर म्हटलं की रडायची.

बाईंनी आम्हाला पहिल्याच दिवशी खरं काय ते सांगितलं. "काका, शिक्षण खात्याचे साहेब येऊन गेले. पंधरा जूनला पोरं वर्गात बसलेली दिसली तर शाळा इथे राहील. नाहीतर पट नदीपलीकडच्या शाळेत जाईल. पावसात झाडाखाली शाळा भरवता येत नाही, हे त्यांचंही खरं आहे."

खिचडी शिजवणारी सीताबाई डाव आपटत म्हणाली, "आनि पावसात नदी कोन ओलांडील? पोरं जातील एखादवेळ. पोरी घरीच ऱ्हातील." तिची नात रीमा चौथीत होती, दोन वेण्या, समोरचा एक दात नाही. ती तिथेच उभी राहून सगळं ऐकत होती.

मिस्त्री संध्याकाळी विटा भिजवताना मला म्हणाले, "माझा बा शाळेच्या भायेर बसून शिकला. त्याला आत घेत नव्हते. खिडकीतून बघून बघून अक्षरं पाटीवर काढायचा. मला सांगायचा, राघो, तू आत बस. मी बसलो, पर दुसरीतच सुटली." मग विटांवर अजून एक बादली ओतली. "पोरानी शाळेच्या भायेर बसायचं न्हाय, वनिता. कायपन होवो." एवढं बोलून ते कामाला लागले, आणि मला कळलं की आता हा माणूस शाळा झाल्याशिवाय भिवंडीला येत नाही.

काम झपाट्याने चाललं. दुपारच्या सुट्टीत पोरं लांबून बघायची. मार्चमध्ये एक दिवस भिंत खिडकीच्या वर आली होती, मिस्त्री बांबूच्या माळ्यावर चढून वीट लावत होते, मी चहा ढवळत होते. पातेलं थरथरायला लागलं, मडक्यावरचा पेला खणखणला. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "अगंबाई, सात वाजले? शिफ्ट चालू झाली!"

आणि वरून मिस्त्री ओरडले, "माल दे गं, वाळतोय!"

अख्खा पाडा मैदानात पळाला होता. बायका पोरं कवटाळून उभ्या, कोंबड्या छपरावर, मृणाली बाई पांढऱ्याफटक. आणि आम्ही दोघं भिवंडीची येडी मधोमध, एक चहा ढवळतंय, एक वीट ठोकतंय. मला भान आलं ते बाईंच्या चेहऱ्याकडे बघून. भिवंडी तिथून नव्वद किलोमीटर! लूम कुठून आली? मग मात्र मी मटकन घमेल्यातच बसले. मिस्त्रींना तर खाली उतरवून, खांद्याला धरून सांगावं लागलं, भूकंप झाला म्हणून. ते म्हणाले, "कदी?"

पाडा हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसला, असं सीताबाईने सांगितलं. रीमा पुढे येऊन, डोळे मोठे करून म्हणाली, "मिस्त्रीबाबा, तुला कलला नाय?" तिकडे सगळ्यांना अरे-तुरेच, त्यात माया असते.

"न्हाय गो बाय."

"भ्यालास नाय?"

आणि इथे आमच्या माणसाने माती खाल्ली. मिशीवर हात फिरवून म्हणाला, "राघो मिस्त्री कशाला भितोय? आमच्या भिवंडीत रोज भूकंप असतो."

झालं! पोरांना देव सापडला. त्या दिवसापासून पोरांचा घोळका मिस्त्रींच्या मागे. छपराखाली यायची नाहीत, पण बाहेरून विटा देतील, वाळू चाळतील, गाणी म्हणतील. भीमजयंतीला मी तिथेच खीर केली. पोरांनी निळ्या पताका लावल्या, अर्धवट बांधलेल्या भिंतींवरसुद्धा, आणि मिस्त्री ढोलावर असे नाचले की दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसले. मला वाटलं, पोरांची भीती गेली, आता पंधरा जून म्हणजे काय मोठं?

एप्रिल संपता संपता दुसरा धक्का आला. तेव्हा नव्या खोलीवर पत्रे चढले होते. जुन्या शाळेचा ओटा आणि त्यावरची चार ओळी कौलं अजून पाडायची होती, तिथे जाऊ नका म्हणून दोरी बांधली होती. सगळे मैदानात पळाले. मी पळाले, मिस्त्रींनाही हाताला धरून ओढलं. आणि बघते तर दोरीच्या आत, ओट्यावर, रीमा आणि दोन पोरं मांडी घालून, हाताची घडी घालून बसलेली. रीमा ओरडतेय, "आमी नाय भीत! आमी मिस्त्री!"

एक कौल सुटलं. तिच्यापासून वीतभर लांब फुटलं.

मृणाली बाई कशा धावल्या, तिघांना कसं ओढलं, मला सांगता येणार नाही, मी डोळेच मिटले होते. पोरांना खरचटलंही नाही. पण बाई सरळ मिस्त्रींसमोर आल्या. "काका, या पोरांना पळायला शिकवायला मला दोन महिने लागले. तुम्ही एका वाक्यात ते पुसून टाकलंत. निम्मी पोरं आत यायला घाबरतात आणि निम्मी बाहेर पळायला लाजतात. आता सांगा, मी शाळा कशी भरवू?"

मीपण मिस्त्रींना सोडलं नाही. रागाने माझा आवाज भिवंडीपर्यंत गेला असेल. "मिशीवर हात फिरवताना अक्कल कुठे ठेवली होती? हिंमत कसली त्यात? आपल्याला कळत नाही, एवढंच! बहिऱ्याने फटाक्याला न भिण्याची फुशारकी मारावी, तसलं!"

त्या दिवशी त्यांनी भाकरीला हात लावला नाही. मी दोनदा वाढली, दोनदा उचलली. माझंही मग जेवण गेलं नाही.

सकाळी शाळा झाडाखाली भरली, तसे मिस्त्री पोरांसमोर जाऊन उभे राहिले. दोन्ही कान धरले. आणि बासष्ट वर्षांचा माणूस उठाबशा काढायला लागला. एक, दोन, तीन. पोरं आधी खुदूखुदू, मग मोठ्याने मोजायला लागली. अकराव्याला गुडघा कुरकुरला, तसे ते खालीच बसले.

"पोरांनो, म्या खोटं बोललो," ते म्हणाले. "म्या धीट न्हाय. माझे पाय बहिरे हायेत. चाळीस वर्सं लूमच्या जमिनीवर ऱ्हाऊन ऱ्हाऊन पायांना आता हललेलं कळतच न्हाय. तुमचे पाय चांगले हायेत. जमीन हलली का तुमाला लगेच कळतं. ही भीती न्हाय, हे शानपन हाय. ज्याला कळतं त्यानं भायेर पळायचं. आनि ज्याला कळत न्हाय, त्याला हाताला धरून न्यायचं."

रीमाने विचारलं, "मग तू आत काम करशील, आनि हललं, तर तुला कोन नेल?"

"तेच तर," मिस्त्री म्हणाले. "कोन नेल?"

मी बाईंकडे बघितलं, बाईंनी माझ्याकडे. बाकी सगळं पोरांनीच केलं.

नव्या वर्गाचं आतलं प्लास्टर, फरशी, फळ्या, सगळं राहिलं होतं. मिस्त्रींनी आपला ओळंबा, तोच भिंत सरळ आहे का बघायचा दोरीचा लोखंडी गोळा, वर्गाच्या मधोमध तुळईला टांगला आणि त्याला सीताबाईकडून मागून आणलेली दोन घुंगरं बांधली. जमीन हलली की ओळंबा झुलणार, घुंगरू वाजणार. ज्याला पहिलं दिसेल त्याने ओरडायचं, "मिस्त्री, शिफ्ट!" हा शब्द माझ्या त्या दिवसाच्या येडेपणावरून पोरांनीच ठरवला. मग रांगेने बाहेर, आणि मिस्त्रींचा हात ज्याची पाळी असेल त्याने धरायचा.

आता माणूस आत बसून काम करतोय तर राखणदार बाहेर बसून कसा चालेल? पहिल्या दिवशी रीमा आणि अजून एक पोर दाराच्या उंबऱ्यावर बसले, एक पाय आत, एक बाहेर. तिसऱ्या दिवशी दोन्ही पाय आत. रोज दोघांची पाळी ठरली होती, पण आठवड्याभरात पाळीवरून मारामारी व्हायला लागली. उन्हाळ्याची सुट्टी होती, तरी पोरं सकाळी आठलाच हजर. आत बसून करायचं काय? मग बाईंनी गोष्टींची पुस्तकं आणून ठेवली. मग कोणी पाढे म्हणायला लागलं. भिंतीला गेरू मारून झाला तेव्हा मोठ्या पोरींनी तांदळाच्या पिठाने त्यावर तिकडे लग्नात काढतात तसा चौक काढला, नाचणारी माणसं काढली, आणि मधोमध एक मिशीवाला, त्याचा हात धरलेली दोन वेण्यांची पोर. मे संपला तेव्हा मी मोजली, एकतीस पोरं छपराखाली. उरलेली तीन दारात.

मला एक शंका होती. जूनच्या सुरुवातीला एक बारीकसा धक्का आला. मी खिडकीतून बघत होते. घुंगरू वाजायच्या आधी, आधी बरं का, मिस्त्रींनी थापी खाली ठेवली. मान वर केली. मग घुंगरू वाजलं, "शिफ्ट!" झालं, आणि हे साळसूदपणे हात पुढे करून बसून राहिले. रीमाने हात धरला, तेव्हा उठले.

मी नंतर विचारलं, "काय हो, तुम्हाला कळायला लागलंय ना?"

म्हणाले, "तू चा दे."

पंधरा जूनला आधी ठाण्याहून मिहिर आला, मग साहेब आले. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता, दिवसभरात त्यांना अजून चार शाळा बघायच्या होत्या. पाड्याने दाराला आंब्याच्या पानांचं तोरण लावलेलं, सीताबाईची खिचडी, वर शिरा. चौतीसच्या चौतीस पोरं वर्गात, खांद्याला खांदा लावून. साहेब खुर्चीवर बसले, हजेरी बघितली, फळ्यांना पुढून ठोकलेली पट्टी बघून विचारलं, ही कशाला. मी म्हटलं, "पुस्तकं पळून जाऊ नयेत म्हणून." ते हसले, आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

ते फोनवर बोलत असताना ओळंबा झुलला.

"मिस्त्री, शिफ्ट!"

एक पोर रडलं नाही. एक धक्काबुक्की नाही. लहान पुढे, मोठी मागे, बाई दारात उभ्या राहून मोजतायत, रीमाच्या हातात मिस्त्रींचा हात. मी वीस मोजायच्या आत सगळे मैदानात. आणि आत उरले कोण? साहेब! कानाला फोन, पायावर पाय, बोलतायत. चौतीस पोरं मैदानातून एका सुरात ओरडली, "साहेब, शिफ्ट!" आणि साहेब असे बाहेर आले की एक चप्पल आतच राहिली.

पत्रे खडखडून थांबले. मिहिर भिंतीभोवती फिरून आला, चारही कोपरे, खिडक्यांच्या वरचा पट्टा, सगळं हाताने चाचपून. केसाएवढा तडा नव्हता. पण माझं लक्ष भिंतीकडे नव्हतंच. मी पोरांकडे बघत होते. घर, अंगण, छप्पर, सगळ्याला भिणारी ही पोरं. आता परत आत जातील का? मिस्त्रींचा हात अजून रीमाच्या हातातच होता.

बाईंनी हळूच आत जायची शिट्टी वाजवली.

रीमाने मिस्त्रींचा हात सोडला. "मिस्त्रीबाबा, तू आता भायेरच ऱ्हा, तुजा काम झाला," म्हणाली, आणि आत गेली. तिच्यामागे सगळी. जाताना एका पोराने साहेबांची चप्पल आणून दिली. मिनिटाभरात आतून पाढे सुरू झाले, बे एके बे, अख्ख्या पाड्याला ऐकू जातील असे.

साहेब झाडाखाली बसून राहिले. सही त्यांनी तिथेच केली, गुडघ्यावर कागद ठेवून. म्हणाले, "मी इथेच बरा आहे." पोरं आत आणि साहेब बाहेर! मिस्त्री खिडकीजवळ जाऊन उभे राहिले. त्यांच्या बापाने जशी खिडकीतून बघितली असेल तशी त्यांनी शाळा बाहेरून बघितली, आणि मग गमछा तोंडाला लावून असे रडले, असे रडले, की मला त्यांना मागे ओढावं लागलं. रडत रडत हसत होते. मीपण. काय सांगू, लग्नातसुद्धा एवढा आनंद झाला नव्हता मला.

आता आम्ही परत भिवंडीत, लूमला भिंत लावून. भांडी चालतात, आम्ही ओरडून बोलतो. तिकडे जमीन अजून अधूनमधून हलते. हलली की आधी सगळी पोरं मैदानात, मोजणी, आणि मग बाईंच्या फोनवरून आमच्या घरी फोन. रीमा आता सहावीत आहे. तिचं एकच विचारणं, "मिस्त्रीबाबा, भायेर आलास का?"

परवा फोन आला तेव्हा मिस्त्री जेवत होते. इकडे काहीसुद्धा हललं नव्हतं, लूमशिवाय. मी म्हटलं, सांगा आलो म्हणून, आमटी निवतेय. त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं. म्हणाले, "पोरीशी खोटं? एकदा बोललो तेवढं पुरे." खरकट्या हाताने उठले, दाराबाहेर गेले, गल्ली ओलांडली, पार मोकळ्या रस्त्यावर जाऊन उभे राहिले, आणि मग फोन कानाला लावून मोठ्याने म्हणाले,

"आलो गो बाय, आलो."